अठरा अंशांचं उत्तर

पाय जपून टाका. तुमच्या बुटांखाली नेवा नदी आहे, गोठलेली. मार्च १८४० चालू आहे, सेंट पीटर्सबर्ग अजून हिवाळ्यातून बाहेर पडलेलं नाही, आणि या नदीवर कायमचा पूल व्हायला अजून दहा वर्षं आहेत. थंडीत लोक सरळ बर्फावरून चालतात, घोड्यांच्या घसरगाड्या हाकतात. मागे वळून पाहिलंत तर दक्षिण काठावर झारचा हिवाळी राजवाडा दिसेल. १८३७च्या डिसेंबरात तो जळाला होता, आता पुन्हा उभा आहे. जरा बाजूला सेंट आयझॅक कॅथीड्रल, परांच्यांत अडकलेलं. तुम्हाला जायचंय समोरच्या वासिल्येव्स्की बेटावर. तिथे विज्ञान अकादमी आहे, आणि तुमचं काम अकादमीतल्या रसायनशास्त्राच्या माणसाकडे आहे.

आत शिरताच अमोनिया नाकात जातो. डोळ्यांना पाणी येतं, घशात खवखवतं, आणि मग हळूहळू त्याची सवय होते. तापमापी रेओम्यूरच्या पट्टीचा दिसेल; रशियात हीच पट्टी चालते आणि तिच्यावर पाणी ८० अंशांना उकळतं. तुमच्या ओळखीचे सेल्सियस हवे असतील तर आकड्याची सव्वापट करा.

टेबलाशी उभा आहे तो जर्मेन आंरी हेस. रशियात त्याला गेर्मान इवानोविच म्हणतात. जन्म जिनिव्हाचा, १८०२चा; लहानपणीच कुटुंब रशियात आलं. शिकला डॉक्टरकी. स्टॉकहोमला जाऊन बर्झेलियसच्या प्रयोगशाळेत थोडे दिवस काढले, मग थेट सायबेरियात इर्कुत्स्कला वैद्यकी केली, आणि तिथून रसायनशास्त्राच्या ओढीने राजधानीत परतला. त्याने रशियन भाषेत लिहिलेलं रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक इथले विद्यार्थी वाचतात. तुमच्याकडे तो बघत नाही. त्याचं सगळं लक्ष पाऱ्याच्या धाग्यावर आहे.

आता नीट पाहा, कारण करायची कृती साधी आहे आणि तिच्यातली गोम पटकन सुटून जाते. त्याच्याकडे गंधकाम्ल आहे, म्हणजे आपलं सल्फ्युरिक ॲसिड. एक वाटा जसाच्या तसा, तीव्र. दुसऱ्या वाट्यात त्याने आधीच थोडं पाणी मिसळलंय, तिसऱ्यात आणखी, चौथ्यात त्याहून जास्त. गंधकाम्लात पाणी मिसळलं की ते तापतं हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. म्हणून तर आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही, अशी तंबी मिळते. हेसने ती तापण्याची उष्णताही मोजून वहीत टिपली आहे आणि मग द्रावणं थंड होऊ दिली आहेत. यानंतर प्रत्येक वाट्यात अमोनियाचं द्रावण घालून आम्ल पूर्ण मारायचं, आणि पुन्हा किती उष्णता निघते ते बघायचं.

ढवळणी फिरते. पारा हलत नाही, हलत नाही, आणि मग सरसर चढतो. इतका वेळ तुम्ही श्वास रोखून धरला होता हे आत्ता तुमच्या लक्षात येईल. पारा वर जाऊन थांबतो, क्षणभर तिथेच रेंगाळतो आणि उतरायला लागतो. तो थांबतो तेव्हा वाचायचं. उशीर केलात तर भांड्याने उष्णता खाल्लेली असते. घाई केलीत तर मिश्रण अजून सारखं झालेलं नसतं. या मोजणीतलं सगळं कसब त्या थोड्याशा वेळात आहे.

त्याचा कागद डोळ्यांखालून घाला. चार ओळी आहेत. पहिली, पाणी न घातलेल्या आम्लाची: अमोनियाने निघालेली उष्णता ५९५.८, त्याच्या हिशेबाच्या एककात. दुसरी: आधी पाण्याने ७७.८, मग अमोनियाने ५१८.९, बेरीज ५९६.७. तिसरी: ११६.७ आणि ४८०.५, बेरीज ५९७.२. चौथी: १५५.६ आणि ४४६.२, बेरीज ६०१.८. पाणी आधी जास्त घातलं तर अमोनियाच्या वेळी उष्णता कमी निघते, आणि जेवढी कमी निघते तेवढी आधीच, पाणी घालताना निघून गेलेली असते. कोणत्याही वाटेने जा, सुरुवात आणि शेवट तेच असतील तर एकूण उष्णता तीच. यालाच पुढे सगळं जग हेसचा नियम म्हणणार आहे.

इथे थोडं थांबू या. या चार ओळींत दोन तऱ्हेचे आकडे आहेत आणि ते वेगळे करून पाहण्यासारखे आहेत. पाण्याने निघालेल्या उष्णतेचा स्तंभ घ्या: ७७.८, ११६.७, १५५.६. तिघांना ३८.९ने भागा. बरोबर २, ३, ४ येतात, दशांशाचीही कुरकुर नाही. मोजणीतून आकडे इतके सुबक सहसा पडत नाहीत. हेसला त्या काळात वाटत होतं की अणू जसे पूर्णांकांच्या पटीत जोडले जातात तशी उष्णताही पटीपटीनेच बाहेर पडते, आणि हा स्तंभ त्या समजुतीच्या साच्यात तंतोतंत बसलेला आहे. ती समजूत टिकली नाही. आता बेरजांचा स्तंभ बघा: ५९५.८, ५९६.७, ५९७.२, ६०१.८. शेवटचा आकडा सरळसरळ वाकडा आहे. पहिल्यापेक्षा सहाने जास्त, म्हणजे शेकडा एकाचा फरक. हेसने तो दाबला नाही, ६०१.८चे ५९८ केले नाहीत. जसा आला तसा अकादमीपुढे ठेवला आणि म्हणाला की या चारही बेरजा एकच आहेत. टिकला तो हा वाकडा स्तंभ. पुढचा सगळा प्रवास करताना ही गोष्ट मनात असू द्या.

काळाचंही भान ठेवा. ऊर्जा अक्षय्य आहे, ती नवी निर्माण होत नाही आणि नष्ट होत नाही, हे वाक्य आज आठवीतलं पोरही म्हणतं. १८४०च्या मार्चमध्ये ते कोणी म्हटलेलं नाही. मायरचा लेख दोन वर्षांनी येईल, जूलचे आकडे तीन वर्षांनी. या खोलीत उष्णता म्हणजे अजून बहुतेकांच्या लेखी एक अदृश्य द्रव आहे, वस्तूत भरणारा आणि वस्तूतून सांडणारा. तरीही एका तापमापीच्या आणि चार वाट्या आम्लाच्या जोरावर हा माणूस त्या नियमाच्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे.

तुम्हाला वाटेल, ही उष्णता मोजण्याची सुरुवात इथली. नाही. पटकन १७८३च्या पॅरिसला डोकावून या. शस्त्रागाराच्या आवारात लाव्हाझिएची प्रयोगशाळा आहे, सोबत तरुण गणिती लाप्लास. त्यांच्यापुढे पत्र्याचं एक पिंपासारखं उपकरण आहे: मध्ये जाळीची टोपली, तिच्याभोवती बर्फ, त्या बर्फाभोवती पुन्हा वेगळ्या कप्प्यात बर्फ. बाहेरचा बर्फ खोलीची ऊब अडवतो, त्यामुळे आतला बर्फ वितळेल तो फक्त टोपलीतल्या वस्तूच्या उष्णतेने. खालच्या तोटीतून गळालेलं पाणी तोलायचं आणि त्यावरून उष्णता काढायची. टोपलीत कधी तापवलेलं लोखंड असतं, कधी रासायनिक मिश्रण, आणि एकदा तर जिवंत गिनीपिग होता. कल्पना देखणी होती. अडचण अशी की बर्फाच्या खड्यांमध्ये पाणी अडकून राहतं आणि हवा पुरेशी गार नसेल तर काम ठप्प. तुम्ही इकडे फार वेळ रेंगाळू नका.

बेलफास्टमध्येही थोडाच मुक्काम. साल १८४१. इथे टॉमस अँड्र्यूज आहे, सत्तावीस वर्षांचा, तोही डॉक्टर. एकीकडे रोगी तपासतो, दुसरीकडे रॉयल बेलफास्ट ॲकॅडेमिकल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. नाडी आणि ताप बघणाऱ्या दोन माणसांनी आम्ल-आम्लारींच्या उष्णतेचं हे शास्त्र उभं करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. अँड्र्यूज एकामागून एक आम्लं घेतो, पोटॅश, सोडा, अमोनिया यांच्याशी त्यांची गाठ घालून देतो आणि निष्कर्ष काढतो की निघणारी उष्णता आम्लावर नाही, आम्लारीवर ठरते. म्हणजे सोडा तोच ठेवला तर आम्ल कोणतंही असो, पारा जवळपास तेवढाच चढतो. त्याची कारणमीमांसा अपुरी होती. निरीक्षण मात्र खरं होतं, आणि अतिशय विचित्र होतं. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि नायट्रिक आम्ल, दोन्ही स्वभावाने वेगळी, त्यांच्यापासून होणारे क्षार वेगळे. मग उष्णता सारखी का? प्रश्न टेबलावर पडून राहिला. उत्तर यायला आणखी चार दशकं लागली, आणि त्या चार दशकांत एका माणसाने अतोनात मोजलं.

त्या माणसाकडे चला. कोपनहेगन, १८७०च्या सुमारास. युलियस थॉम्सन चाळिशी ओलांडलेला, विद्यापीठात प्राध्यापक, शहराच्या नगरसभेतही बसणारा. ग्रीनलंडहून येणाऱ्या क्रायोलाइट नावाच्या खनिजापासून सोडा बनवायची रीत त्याने तरुणपणी शोधली आणि त्यावर कारखाना उभा राहिला. कारखानदारीतच राहता आलं असतं. तो मात्र इथे, या खोलीत, तापमापी घेऊन बसला आहे.

खोलीत शिरताना दार ओढून घ्या. इथे दाराची फट चालत नाही. खोली अठरा अंशांच्या आसपास राखलेली आहे. दोन भांडी आहेत, एक वर, एक खाली. वरच्यात आम्लाचं पातळ द्रावण, खालच्यात कॉस्टिक सोड्याचं. दोन्हींत ढवळण्या, दोन्हींत तापमापी. आधी नुसतं वाचत राहायचं, दोन्ही पारे स्थिर होईपर्यंत. मग वरच्या भांड्याची खालची झडप उघडते, द्रावण धारेने खाली येतं, ढवळणी फिरत राहते आणि खालचा पारा वर सरकतो. द्रावणं इतकी पातळ आहेत की चढ मोजक्या अंशांचाच. त्या मोजक्या अंशांचे शंभर शंभर भाग तुम्हाला डोळ्यांनी करायचे आहेत. मान अवघडते. उच्छ्वास तापमापीवर जाऊ नये म्हणून तोंड वळवावं लागतं. एक प्रयोग संपला की भांडी धुवा, पुसा, थांबा आणि पुन्हा पहिल्यापासून.

थॉम्सनने अशी साडेतीन हजारांच्या घरात मोजमापं केली, तीही स्वतःच्या हाताने. मदतनिसांच्या डोळ्यांवर त्याचा भरवसा नव्हता असं नाही; त्याला एकाच डोळ्याने, एकाच पद्धतीने वाचलेले आकडे हवे होते, म्हणजे एकमेकांशी तुलना करता येईल. १८८२ ते १८८६ या काळात त्यांचे चार जाडजूड खंड छापले गेले. त्यांतली पानं उलटताना मला दर वेळी या माणसापुढे हात जोडावेसे वाटतात.

त्याच्या वहीत उदासिनीकरणाच्या पानावर थांबा. सोडा आणि हायड्रोक्लोरिक आम्ल: दर ग्रॅम तुल्यांकाला सुमारे १३,७०० कॅलरी. सोडा आणि नायट्रिक आम्ल: जवळपास तेवढ्याच. हायड्रोब्रोमिक घ्या, पुन्हा तेच. अँड्र्यूजचं विचित्र निरीक्षण आता अधिक घट्ट झालं आहे. खाली या. ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं: तीनेकशे कॅलरींनी कमी. हायड्रोसायनिक आम्ल: जेमतेम २,८००. आणि हायड्रोफ्लुओरिक, ते काच खाणारं आम्ल: १६,०००च्याही वर! दुबळी आम्लं कमी उष्णता देतात अशी एखादी सोपी रेघ ओढावी, तर हे एकटं दुबळं आम्ल उलट्या दिशेला पळतं. थॉम्सनला स्वतःला वाटत होतं की उष्णतेचा आकडा म्हणजेच दोन पदार्थांमधल्या ओढीचं माप. पॅरिसमध्ये बर्तेलोही तेच म्हणत होता. १८८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने दोघांना मिळून डेव्ही पदक दिलं. त्यांचा तो सिद्धान्त चुकीचा ठरला. रसायनं उष्णता शोषूनही आपण होऊन एकत्र येतात, भांडं गार पडतं, हे त्यात कुठेच बसत नव्हतं. पण सिद्धान्ताला अडचणीत टाकणारे आकडेही थॉम्सनने खंडांत छापून ठेवले होते, आणि पुढच्या माणसाला तेच उपयोगी पडले.

तो पुढचा माणूस पंचवीस वर्षांचा आहे. अप्साला, मे १८८४. स्वान्ते अरेनियसच्या प्रबंधाची परीक्षा चालू आहे. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विद्युतभारित तुकडे सुटे होतात, असं काहीतरी तो म्हणतोय, आणि समोर बसलेल्या प्राध्यापकांना ते पटत नाही. सोडियम पाण्यात पडला तर पेट घेतो, क्लोरीन विषारी. मग मिठाच्या पाण्यात ते सुटे होऊन सुखाने कसे नांदतील? त्याला पदवी मिळते, पण इतक्या खालच्या श्रेणीत की विद्यापीठात पुढे शिकवण्याची वाट जवळजवळ बंदच व्हावी. उन्हाळ्यात रीगाहून व्हिल्हेल्म ओस्टवाल्ड त्याला भेटायला येतो आणि चित्र पालटायला लागतं. १९०३ मध्ये याच कल्पनेला नोबेल मिळालं.

त्या कल्पनेच्या उजेडात थॉम्सनचं पान पुन्हा वाचा. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पडलं तेव्हाच हायड्रोजन आणि क्लोराइड वेगळे झाले. सोडा विरघळला तेव्हाच सोडियम आणि हायड्रॉक्साइड वेगळे झाले. भांडी एकत्र केल्यावर लग्न लागतं ते एकच, हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांचं, आणि त्यातून पाणी होतं. सोडियम, क्लोराइड, नायट्रेट ही मंडळी नुसतं वऱ्हाड. वऱ्हाड बदललं म्हणून लग्न बदलत नाही, त्यामुळे उष्णताही बदलत नाही. हायड्रोसायनिक आम्ल मात्र पाण्यात फारसं सुटत नाही. त्याचा हायड्रोजन आधी सोडवून घ्यावा लागतो आणि त्यातच बरीचशी उष्णता खर्ची पडते. हायड्रोफ्लुओरिकचंही बंधन सोडवावं लागतं, पण फ्लुओराइड आयन सुटला की भोवतालचं पाणी त्याला इतकं घट्ट धरतं की सुटण्यातूनच वर उष्णता मिळते. दोन विरुद्ध दिशेला पळणारे आकडे एका विचाराने ताळ्यावर आले. हेसच्या नियमाचीच ही करामत आहे: वाटेतले टप्पे वेगळे करा, प्रत्येकाची उष्णता लिहा, बेरीज जुळली पाहिजे.

निघण्यापूर्वी एक बाब नीट समजून घ्या, कारण पुढच्या मुक्कामी तीच कामाला येणार आहे. १३,७०० कॅलरी म्हणजे आजच्या मापात ५७.३ किलोज्यूल. आपल्या पाठ्यपुस्तकांत, गाइडांत, जर्नलच्या शेवटच्या ओळीत छापलेला ५७चा आकडा तो हाच. पण ही उष्णता सगळ्या तापमानांना सारखी नसते. सुटे आयन आपल्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना जखडून ठेवतात. आयन जोडले गेले की ते रेणू मोकळे होतात आणि द्रावणाची उष्णता सामावण्याची ताकद वाढते. परिणामी तापमान एक अंशाने वाढलं की उदासिनीकरणाची उष्णता सुमारे ०.२२ किलोज्यूलने घटते. १८ अंशांना ५७.३ असेल तर आजच्या तक्त्यांत २५ अंशांना ५५.८ दिलेले असतात. ३० अंशांना हिशेब ५५च्याही खाली, ५४.७च्या आसपास जातो. ५७ हा एका गार देशातल्या, गार खोलीतल्या मोजणीचा आकडा आहे.

आता शेवटचा मुक्काम. महाराष्ट्रातलं कोणतंही कनिष्ठ महाविद्यालय, बारावीची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, फेब्रुवारीची दुपार. वर पंखा फिरतोय, त्याचा वारा तुमच्या टेबलावर येतोय. मामांनी बाटल्या भरून ठेवल्या आहेत: एक मोलार हायड्रोक्लोरिक ॲसिड, एक मोलार सोडियम हायड्रॉक्साइड. हात लावून पाहा, सोड्याची बाटली कोमट आहे का? सोडा पाण्यात विरघळताना स्वतःच भरपूर तापतो. सकाळी घाईत द्रावण केलं असेल तर ती ऊब अजून त्यात असेल आणि तुमच्या उत्तरात चोरपावलांनी शिरेल. दोन्ही द्रावणं खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

थर्माकोलचा पेला घ्या. जमल्यास एकात एक घातलेले दोन. त्यात ५० मिलिलिटर आम्ल. तापमापी २९ दाखवतो. अर्ध्या अर्ध्या मिनिटाला वाचून लिहा, तीन-चार रीडिंग तरी. मग ५० मिलिलिटर सोडा एकदम ओता. थेंब थेंब नको. झाकण, ढवळणी. पारा चढतोय. ३२. ३४. तुमच्याही नकळत तुम्ही पुन्हा श्वास रोखलाय. पारा ३५च्या रेघेवर येऊन थांबतो.

हिशेब करा. १०० ग्रॅम द्रावण, दर ग्रॅमला ४.१८ ज्यूल, चढ ६ अंश: २,५०८ ज्यूल. आम्ल होतं ०.०५ मोल. भागाकार करा, उत्तर ५०.२ किलोज्यूल दर मोलला.

शेजारच्या टेबलावरून कुजबुज येते: "सत्तावन्न यायला पाहिजे रे." आणि मग ते घडतं जे कितीतरी प्रयोगशाळांत घडत आलं आहे. पेन ३५ वर जातं आणि त्याचं ३५.८ होतं. चढ ६.८, उत्तर ५६.८. सुबक. बाईंची सही, पुढचा गट.

या क्षणी मला तुमचा हात धरायचा आहे. तापमापीच्या पट्टीवर एकेका अंशाच्या रेघा आहेत, ३५.८ तिने दाखवलेलेच नाहीत, दाखवू शकतही नाही. तिच्यावर अर्धा अंश इकडे-तिकडे होणारच, आणि अर्धा अंश म्हणजे उत्तरात चार किलोज्यूलचा फरक. तेव्हा तुमचं खरं उत्तर आहे ५०, चार वर किंवा चार खाली. राहिलेली तूट कुठे गेली तेही शोधता येतं. थोडी पेल्याने घेतली, थोडी तापमापीच्या काचेने, थोडी पंख्याच्या वाऱ्याने. सोड्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला असेल तर तो एक मोलारच राहिलेला नाही. एकदा अनुमापन करून बघा, कळेल. पारा चढून उतरायला लागल्यावर पाच मिनिटं रीडिंग घेत राहा आणि आलेख काढा. उतरणीची सरळ रेघ मागे, मिश्रणाच्या क्षणापर्यंत वाढवलीत तर हवेत गेलेली उष्णता परत हिशेबात येते आणि चढ ६ ऐवजी ६.३-६.४ निघू शकतो. गरम आणि गार पाणी मिसळून पेल्याने किती उष्णता खाल्ली तेही काढा. हे सगळं करून तुम्ही ५४-५५ वर आलात तर तुम्ही अचूक मोजलंत. या खोलीत, या उन्हाळ्याच्या तोंडावर, यायला हवा तो आकडा तोच आहे. ५७ आणणाऱ्यापेक्षा तुम्ही बरोबर आहात.

वेळ उरला तर एक गंमत करून बघा. दोन्ही द्रावणं दुप्पट घ्या, १०० आणि १००. पारा किती चढेल? वर्गात विचारलं तर निम्मे हात "दुप्पट" म्हणून वर जातात. पारा तेवढाच चढतो. उष्णता दुप्पट निघाली, पण तापवायचं पाणीही दुप्पट झालं. उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे फळ्यावरच्या व्याख्येने पटत नाही, या एका पेल्याने पटतं.

शिक्षकांना आणि परीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. जर्नलमध्ये सगळ्या गटांचं उत्तर ५७ दिसलं तर सही करण्याआधी थांबा. कच्चं रीडिंग मागा, आलेख मागा, खोलीचं तापमान कुठे लिहिलंय ते विचारा. ज्या पोराने ५० लिहून खाली तूट कुठे गेली याची तीन कारणं दिली असतील, त्याला पूर्ण गुण द्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही तापमापीवर ३५ पाहिलं असेल तर जर्नलमध्ये ३५च लिहा, शेजारी "खोलीचं तापमान २९" असंही लिहा, आणि व्हायवाला कोणी विचारलं की सत्तावन्न का नाही आलं, तर सांगा की सत्तावन्न हे अठरा अंशांचं उत्तर आहे.